ओकाकाठचा वाडा

कसदार जमीन देऊन वाळूची टेकडी घेणारा माणूस आपल्या गावात निघाला, तर चावडीवर त्याची काय चेष्टा होईल! रशियात एका चित्रकाराने हा सौदा केला. वासिली पोलेनोव त्याचे नाव, जन्म १८४४चा. नद्या, झाडे, खेड्यातली अंगणे रंगवण्यात त्याचा मोठा लौकिक होता.

मॉस्कोच्या दक्षिणेला ओका नदी वाहते. तिचे काठ पोलेनोवच्या मनात भरले. १८९०च्या सुमारास त्याने बेखोवो गावाजवळ जमीन घेतली. पण डोळा होता तो नदीवरच्या उंच, वाळूच्या टेकाडावर. मग गावकऱ्यांशी अदलाबदल ठरली. त्यांना पिकाची जमीन, याला टेकाड. माझ्या मते दोघेही खुशीत घरी गेले असतील.

१८९२ साली तिथे वाडा उभा राहिला. नकाशा पोलेनोवनेच काढला होता. चित्रे आणि देशोदेशीच्या वस्तू लोकांना पाहता याव्यात, असा बेत पहिल्यापासूनच होता. खाली होड्यांसाठी छप्पर बांधले, त्याला थट्टेने नाव दिले ‘आरमार कचेरी’! ओकाकाठची सोनेरी पानगळ त्याने १८९३ साली रंगवली, ते चित्र याच वाड्यात आहे.

पण नुसती चित्रे काढून तो बसला नाही. आसपासच्या दोन गावांना त्याने शाळा बांधून दिल्या. म्हातारपणी जगाच्या सफरीची चित्रे काढली. पुढून उजेड टाकला की दिवस, मागून दिवा धरला की त्याच चित्रात रात्र! गाव सोडून कधी कुठे न गेलेली शेतकऱ्यांची पोरे ती बघायला जमत. आपल्या जत्रेतल्या सिनेमाच्या पेटीभोवती पोरांची झुंबड उडायची, तशीच ही समजा.

१९१७ साली क्रांती झाली. जमीनदारांचे कितीतरी वाडे जळाले, लुटले गेले. हा वाडा राहिला. सरकारी अभयपत्र मिळाले हे खरे, पण नुसत्या कागदाने पेटते गाव थांबते का? त्या शाळांत कुणाची पोरे शिकत होती, ते गावाला ठाऊक होते.

पोलेनोव १९२७ साली वारला. वाडा आता सरकारी संग्रहालय आहे, आणि घरातल्याच माणसांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. बेखोवोच्या दफनभूमीत त्याच्यावर एक साधा लाकडी क्रूस आहे. तिथून खाली ओका दिसते.