पाहुण्याने हिशेब विचारावा

परदेशाची सहल करून आलेला मनुष्य ओळखणे फारसे अवघड नाही. घरी परतल्यावर पहिले दोन दिवस तो झोप काढतो, तिसऱ्या दिवशी चॉकलेटे वाटतो आणि चौथ्या दिवशी एक वाक्य उच्चारतो: "त्यांचे राजवाडे पाहा, आणि आपले किल्ले पाहा!" वाक्यापाठोपाठ एक उसासा येतो. ऐकणारी मंडळी मान डोलावतात आणि चहाचे कप खाली ठेवतात. हे वाक्य मी नागपुरास ऐकले, यवतमाळास ऐकले आणि पोरे शिकून परदेशी नोकरीस लागल्यापासून अरुणावतीकाठच्या आमच्या आर्णीतही ऐकू लागलो आहे. माझे भांडण या वाक्याशी आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परदेशी जाऊच नये, आपल्या गडकोटांपुढे साहेबाचे वाडे म्हणजे कचरा, असे म्हणणाऱ्या शूर मंडळींपैकी मी नाही. त्यांतील बहुतेकांनी आपला गडही पाहिलेला नसतो. माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही. पोटासाठी मास्तरकी करतो, हौसेसाठी कादंबऱ्या लिहितो. पण लंडनला असलेल्या पुतण्याच्या आग्रहाने बारा दिवस तिकडे जाऊन आलो आणि त्यातले दोन दिवस पॅरिसलाही काढले. डोळे भरून पाहिले. तिथली स्वच्छता, रांगेतली शिस्त, सातवीतल्या पोरालाही कळेल अशा भाषेत लिहिलेल्या पाट्या, हे सगळे शिकण्यासारखे आहे. ज्याला ते दिसत नाही त्याने घरीच बसावे.

परंतु पाहणे वेगळे आणि दिपून जाणे वेगळे. आपला प्रवासी पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या राजवाड्यात शिरतो आणि आरसेमहालातले आरसे मोजतो. ते ३५७ आहेत, हे त्याला वाटाड्या सांगतो आणि तो आपल्याला सांगतो. त्याच राजवाड्यावर १७८९ च्या ऑक्टोबरच्या ५ तारखेला पॅरिसच्या बाया चालून गेल्या होत्या, कारण घरात पाव नव्हता, ही गोष्ट मात्र त्याच्या वर्णनात क्वचितच येते. दुसऱ्याच दिवशी राजाला त्यांच्याबरोबर पॅरिसला यावे लागले. १७९३ साली पॅरिसमधला लूव्रचा राजवाडा लोकांसाठी संग्रहालय म्हणून उघडला आणि १८३७ साली व्हर्सायचेही तसेच झाले. तिथला राजवाडा राखला गेला तो लोकांनी तो आपला मानला म्हणून. म्हणजे ज्या झाडलोटीचे आपण कौतुक करतो तिच्यामागे एक हक्क उभा आहे. आपला प्रवासी झाडू पाहून येतो, हक्क पाहून येत नाही.

हे झाले फ्रान्सचे. इंग्लंडात गोष्ट आपल्या घराशी येऊन भिडते.

लंडनमध्ये हाइड पार्क कॉर्नरला ॲप्सली हाउस म्हणून एक मोठा वाडा आहे. वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन याचे हे घर. १९४७ साली ते राष्ट्राला देण्यात आले आणि १९५२ पासून लोक तिकीट काढून ते पाहतात. त्याच्या संग्रहात सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या भांड्यांचा एक संच आहे. त्याचे नाव 'डेक्कन सर्व्हिस'. डेक्कन म्हणजे आपले दख्खन! १८०३ च्या स्वारीत ज्या अधिकाऱ्यांनी त्याच्या हाताखाली तलवार चालविली, त्यांनी आपल्या सेनापतीला दिलेली ती भेट आहे. तेव्हा तो ड्यूक झालेला नव्हता. नुसता आर्थर वेलस्ली होता. त्याचा थोरला भाऊ रिचर्ड हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता आणि पुढे १८१७ साली धाकट्याने हे ॲप्सली हाउस विकत घेतले तेही याच थोरल्याकडून.

ती भांडी कोणत्या पराक्रमाची? १८०३ च्या सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड. मेळघाटातला, चिखलदऱ्याला लागून असलेला आपला गाविलगड! बहमनी सुलतान अहमदशहाने तो १४२५ च्या सुमारास बांधविला. त्याआधी तिथे गवळ्यांची मातीची गढी होती आणि तिच्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून स्वतः वाट काढीत अवजड तोफा ओढून नेल्या, उत्तरेच्या तटाला खिंडारे पाडली, शिड्या लावून आतला कोट घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला, शिबंदीची कत्तल उडाली. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला आणि तो निजामाच्या पदरात पडला.

वाचकहो, वर्धेच्या पश्चिमेचा म्हणजे आमचाच! आर्णीच्या शिवारात त्या वर्षी ज्यांनी पेरले असेल त्यांना कोणी विचारले नाही. पुढे १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी हाच मुलूख इंग्रजांच्या हवाली केला आणि १९०२ मध्ये तो त्यांना कायमचा लावून दिला, सालीना २५ लाख रुपयांवर. आमच्याकडे शेत मक्त्याने देतात. त्या साली अख्खा वऱ्हाड मक्त्याने गेला. त्या मक्त्यातला कापूस कोणाच्या गिरण्यांत गेला, हे शाळकरी पोरही सांगेल. आणि गाविलगडाचे काय झाले? १८५७ च्या धामधुमीनंतर, १८५८ मध्ये, पुन्हा कोणी त्याच्या आश्रयाने उभे राहू नये म्हणून इंग्रजांनी त्याचा बंदोबस्त मोडून टाकला. रायगडावर तर १८१८ च्या मे महिन्यात तोफा डागल्या आणि वरचे वाडे जळाले.

आता ते वाक्य पुन्हा म्हणून पाहा: त्यांचे राजवाडे पाहा, आणि आपले किल्ले पाहा. एकाने दुसऱ्याचे घर पाडावे, त्या विजयाची भांडी स्वतःच्या दिवाणखान्यात मांडावी आणि पाडलेल्या घरातल्या माणसाने तिकीट काढून ती पाहावीत, वर घरी येऊन म्हणावे, "बघा, यांनी किती नीट ठेवले आहे!" ॲप्सली हाउस आणि गाविलगड ही एकाच खातेवहीची दोन पाने आहेत. जमेचे पान पाहून थक्क व्हावयाचे आणि नावेच्या पानाची लाज वाटून घ्यावयाची, हा कसला हिशेब? तिथल्या टॉवरच्या किल्ल्यात कोहिनूर पाहताना प्रवाशांना सरकत्या पट्ट्यावर उभे करतात. गर्दी पुढे सरकावी म्हणून ती सोय आहे, पण माझ्या मनात आले की प्रश्न सुचण्याच्या आत माणूस पुढे जातो. १८४९ साली लाहोरचा दहा वर्षांचा राजा दुलीपसिंग याच्याकडून तो हिरा तहाच्या कलमाने घेतला. दहा वर्षांच्या पोराची सही आमच्या शाळेत प्रगतिपुस्तकावरदेखील चालत नाही!

यावर कोणी म्हणेल, "मास्तर, इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षे होऊन गेली. तटावर बदामाची चित्रे काढून नावे कोरतो तो काय वेलस्ली?" हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना माझे म्हणणे त्यातूनच सिद्ध होते. जो मनुष्य 'आपले म्हणजे पडकेच' असे शिकून येतो, त्याला पडक्या भिंतीवर नाव कोरताना काही वाटत नाही. आमच्या आर्णीची माणसे माहूरला रेणुकेच्या दर्शनाला वर्षानुवर्षे जातात. समोरच्या माहूरच्या किल्ल्याकडे पाठ फिरवून परततात. त्यांना पडका तट दिसतो, तट का पडला हे कोणी सांगितलेले नसते.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. अकरा महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. आनंदच झाला. विदर्भातला त्यात एकही नाही, याबद्दल मी रडगाणे गाणार नाही. यादी एका विषयाची होती. पण यादीतले तेवढेच पाहावयाचे अशी आपली रीत पडेल, ही भीती मात्र आहे. त्याच वर्षी राज्य सरकारने रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना परत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. योग्य केले. पण तलवारीवर फुले टाकणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ज्या गडाच्या पाडावानंतर भोसल्यांचा वऱ्हाड गेला तो गड चढून पाहिला? चिखलदऱ्याला हवा खावयास जाणारे हजारो; त्यांतले कित्येक मक्याचे कणीस खाऊन परततात.

राजवाडा कसा पाहावा याचा एक धडा आपल्याच कोकणात आहे. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला मंडालेच्या राजवाड्यातून उचलले आणि पुढल्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला वाडा १९१० साली पुरा झाला. सहा वर्षांनी राजा रत्नागिरीतच वारला. आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना त्याच इंग्रजांनी १९०८ साली नेले कोठे? मंडालेला, त्या थिबाच्याच किल्ल्याच्या तटाआड असलेल्या तुरुंगात! 'गीतारहस्य' तिथे लिहिले गेले. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन थिबाच्या समाधीपुढे उभे राहिले. ते आपल्या राजाचे काय झाले हे विचारावयास आले होते. मंडालेला जाणाऱ्या मराठी माणसानेही हेच करावे. सोनेरी छपरांचे फोटो खुशाल काढावेत, पण टिळकांना कोठे ठेवले होते, हेही तिथे विचारावे.

आणि हा हिशेब फक्त साहेबाला विचारावयाचा, असे कोणी समजू नये. आमच्या शाळेची सहल माहूरच्या किल्ल्यावर नेली होती. कोणत्या राजाने काय जिंकले ते मी सांगत होतो. एक पोरगा मध्येच म्हणाला, "गुरुजी, इतक्या लोकाइले पानी कोन भरे जी?" राजांची नावे मला पाठ होती, त्या पाणक्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही. दगड वाहिला त्याला मजुरी मिळाली की वेठ, धान्य कोणाच्या कोठारातून आले, हे प्रश्न व्हर्सायला विचारावयाचे तर माहूरला आणि गाविलगडालाही विचारले पाहिजेत. आपल्या राजाला सूट आणि परक्याला जाब, हा हिशेब नव्हे. ही भाटगिरी झाली.

तेव्हा सहलीला अवश्य जा. ऐपत असेल तर पोरांनाही न्या. जाताना तीन प्रश्न मात्र बरोबर असू द्या: हे कोणाच्या पैशाने उभे राहिले? यातले काय कोठून आले? आणि ज्यांच्याकडून आले त्यांच्या घराचे पुढे काय झाले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आपल्याच जिल्ह्यात सापडेल.

या दिवाळीत पुष्कळ अंगणांत पोरे मातीचा किल्ला करतील, त्यावर अळीव पेरतील. बाजारातून आणलेल्या चित्रांत मावळे असतील, तशी गवळण, भाजीवाली आणि शेतकरीही असतील. किल्ला एकट्या राजाचा नसतो, हे पोरांना न शिकवता कळते. शिकूनसवरून, परदेश पाहून आलेल्या थोरांनी ते विसरू नये, एवढीच माझी मागणी आहे. आणि या खेपेस कोणी पोराने विचारले की कोणता किल्ला करू, तर त्याला गाविलगड सांगा.