पोरांना मलबार हिलवर न्या

वस्तीतली पोरं घेऊन रविवारी मलबार हिलला जायचं असं आमच्या छावणीत ठरलं, तेव्हा आपल्यातल्याच काहींनी नाकं मुरडली. एक जण म्हणाला, ही पिकनिक झाली, चळवळ कुठाय यात? दुसरा म्हणाला, आधी रेशनचं बघा, मग बागा बघू. तिसरा जास्त शिकलेला. तो म्हणाला, सहकुटुंब सहलीला जाणं हे मध्यमवर्गीय मूल्य आहे. तिघेही आपलेच दोस्त आहेत आणि तिघांच्या पोटात दुखतंय ते खरं आहे. म्हणून यावेळचं संपादकीय त्यांच्यासाठी.

आधी जागा समजून घेऊ. मलबार हिलवर राज्यपालाचं निवासस्थान आहे, मुख्यमंत्र्याचा वर्षा बंगला आहे, आणि बाकी देशातली काही सर्वांत महागडी घरं आहेत. याच डोंगराच्या माथ्यावर रस्त्याच्या दोन बाजूंना दोन बागा. एक फिरोजशहा मेहता उद्यान, ज्याला सगळी मुंबई हँगिंग गार्डन म्हणते. दुसरी कमला नेहरू पार्क, १९५२ सालची. दोन्ही महापालिकेच्या. दोन्हींना तिकीट नाही. म्हणजे झाडांना, गवताला, बाकड्यांना पैसा जातो तो तुमच्या-आमच्या खिशातून. काडेपेटी घेतली तरी आपण कर भरतो, हे विसरू नका.

कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट आहे. इंग्रजी बडबडगीतातली ही म्हातारी. पोरं इतकी झाली की काय करावं कळेना, म्हणून बुटात राहते. पेडर रोडच्या पोराला ही गंमत वाटते. आमच्या पोराला त्यात काही नवल वाटत नाही. १९२०च्या दशकात सरकारनं बांधलेल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात आजी, आईबाप, काका, गावाहून आलेला पाहुणा आणि परीक्षेचा अभ्यास. जवळजवळ १०० वर्षं माणसं त्यात नांदली. वरळीतल्या पहिल्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळायला ऑगस्ट २०२५ उजाडला. आणि बीडीडीवाले तरी नशीबवान म्हणायचे, कारण पत्र्याखाली राहणाऱ्यांना १६० फूट म्हणजे महाल. तर आपली म्हातारी पहिल्यापासून बुटातच राहत आलीय, फरक इतकाच की तिच्यावर कुणी गाणं केलं नाही. आणि बूट शिवतो कोण? कातडं कमावणारे आपले, शिवणारे आपले, रस्त्यावर बसून पॉलिश मारणारे आपले. मग त्या बुटाच्या जिन्यानं वर चढायला आपल्या पोराला लाज कसली?

आता एक गोष्ट ऐका, जी ऐकून तिसऱ्या दोस्ताचं मध्यमवर्गीय मूल्य जरा हलेल. त्या बागांमध्ये आपली माणसं रोज जातात. सकाळी बाग झाडायला जातात ती बहुतेक आपल्याच जातींतली. संध्याकाळी आपल्या वस्त्यांतल्या बाया जातात, बाबागाडी ढकलत. शेठच्या पोराला झोका देतात, त्याच्या मागे बिस्किटाचा डबा घेऊन पळतात, पडलं तर उचलतात, फुंकर घालतात. त्याच वेळी तिचं स्वतःचं पोर खोलीत असतं, थोरल्या बहिणीच्या कडेवर. थोरली म्हणजे किती थोरली? नऊ वर्षांची. ही बाई बागेतली सगळी झाडं ओळखते, कुठला झोका करकरतो ते तिला माहीत, पण तिच्या पोरानं तो झोका बघितलेला नाही. आपली बाई बागेत आहे, आपला माणूस बागेत आहे, आपलं पोर तेवढं बागेत नाही. हे आपोआप झालेलं नाही.

मी गोदीत काम करतो, म्हणून समुद्राचंही सांगतो. मुंबईला दोन किनारे आहेत. पश्चिमेचा बघायचा, पूर्वेचा राबायचा. चौपाटी, मरीन ड्राइव्ह, हाजी अली सगळं तिकडं. इकडे शिवडी, रे रोड, दारूखाना, वाडीबंदर. पी. डिमेलो रोडनं चालत जा, लांबच लांब गोदीची भिंत लागेल. भिंतीपलीकडे समुद्र आहे. आत जायला पास लागतो, पास कामगाराला, पोराला नाही. मी रोज आठ तास समुद्राच्या कडेला लोखंडाच्या कॉईलला साखळ्या लावतो, आणि माझ्या पुतणीनं समुद्र पहिल्यांदा बघितला तो मलबार हिलवरून. कमला नेहरू पार्काच्या कठड्याला लागून ती उभी होती, खाली चौपाटीची कमान, गाड्यांचे दिवे. ती म्हणाली, "काका, तू हाच समुद्र उपसतो का?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

तिथून उतरताना पोरं दमली आणि एका टॉवरच्या फाटकाशेजारच्या कट्ट्यावर टेकली. कट्टा फुटपाथला लागून. वॉचमन धावत आला. उठा, उठा, इथं बसायचं नाय. आमच्यातला एक जण गरम झाला. वॉचमन हळूच म्हणाला, "भाऊ, वर कॅमेरा हाय. साहेब बघतात. माझी नोकरी जाईल." बारा तासांची पाळी करणारा माणूस, आपल्यासारखाच, त्याच्याशी काय भांडायचं? कुणी जात विचारली नाही. आता विचारत नाहीत. चप्पल बघतात, पोराचं नाक बघतात, बोली ऐकतात, आणि हिशोब करतात. पोरं उठली. पुतणीनं मला विचारलं, "रस्ता पण त्यांचाच का?"

या प्रश्नाचं उत्तर बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. संविधानाचं कलम १५, पोटकलम २ काढा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही कुठल्या जागी अडवता येणार नाही, त्याची यादी आहे. दुकानं आहेत, उपाहारगृहं आहेत, हॉटेलं आहेत, करमणुकीची ठिकाणं आहेत. आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा जनतेसाठी ठेवलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा. रस्ता आहे यादीत. बागही आहे, कारण बाग ही राबत्याचीच जागा. ज्यांना वाटतं बाग हा चोचला आहे, त्यांनी बघावं की बाबासाहेबांच्या संविधानानं ती पाण्याच्या शेजारी बसवलीय, एकाच वाक्यात.

आणि हँगिंग गार्डन तर चक्क पाण्यावर बसलंय. १८८०च्या सुमाराची ही बाग पाण्याच्या टाकीवर अंथरलेली आहे. हिरवळीखाली, झुडपं कापून बनवलेल्या प्राण्यांखाली, मलबार हिलचा जलाशय आहे. दक्षिण मुंबई त्याच्यावर जगते. मुंबईचं पाणी येतं कुठून? तानसा, वैतरणा, भातसा या भागातून, ठाणे-पालघरच्या डोंगरातून. त्याच शहापूर-मोखाड्याच्या पाड्यांवर आदिवासी बाई उन्हाळ्यात हंडा घेऊन मैलभर चालते. आणि इथं आपल्या वस्त्यांना, झोपडं बेकायदा असलं तरी पाणी द्यावंच लागेल, हे मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०१४ मध्ये सांगावं लागलं. म्हणजे पाण्याचा हक्क अजून कोर्टात मागावा लागतो आणि पाण्यावरची बाग लांबून बघावी लागते.

कुणी म्हणेल, अडवलंय कोणी? बाग खुलीच आहे. बरोबर. चवदार तळंही खुलं होतं. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव पास झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं एकाही अस्पृश्यानं त्या पाण्याला हात लावला नाही, कारण कागद ओला होत नाही आणि काठीचा मार ओला होतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यात उतरले, मागोमाग हजारो माणसं उतरली, तेव्हा ते तळं खुलं झालं. त्यासाठी त्या दिवशी डोकी फुटली. डिसेंबरमध्ये पुन्हा महाडलाच त्यांनी सांगितलं, त्याचा अर्थ असा की ते पाणी प्यालो नव्हतो म्हणून आपण मेलो नव्हतो, आणि प्यालो म्हणून अमर होणार नाही. आपणही इतरांसारखी माणसं आहोत, हे ठरवायला तळ्यावर जायचं. रेशनवाल्या दोस्तानं हे दोनदा वाचावं. महाडच्या लोकांच्या घरात तेव्हा धान्याच्या राशी नव्हत्या. भाकरी मिळेपर्यंत थांबू असं ते म्हणाले असते तर आज आपण कुठं असतो?

या डोंगराची ताकद किती ते २०२३ साली दिसलं. महापालिकेनं जुना जलाशय पाडून नवा बांधायचं ठरवलं. झाडं जाणार, बाग बंद राहणार. मलबार हिलचे रहिवासी उठले, बैठका झाल्या, तज्ज्ञांची समिती बसली, आयआयटीचे प्राध्यापक टाकीत उतरून आले, आणि पाडापाडी टळली. झाडं वाचली, चांगलं झालं, मी टाळी वाजवतो. फक्त विचारतो की आपल्या वस्तीवर बुलडोझर येतो तेव्हा कुठली समिती बसते? कुठला प्राध्यापक आपल्या मोरीत उतरून बघतो? तिथं झाडाची जेवढी सुनावणी होते तेवढी इथं माणसाची होत नाही.

आणि दार हळूहळू लोटलंही जातंय. मार्च २०२५ मध्ये याच डोंगरावर झाडीतून जाणारा लाकडी पूल सुरू झाला. सुंदर आहे. माणशी २५ रुपये, तेही मोबाईलवर आधी नोंद करून. मे २०२५ मध्ये बेस्टचं कमीत कमी भाडं ५ रुपयांवरून १० झालं. पाच माणसांचं घर जाऊन-येऊन बाहेर पडलं की एकेरी बसलाच ५० रुपये. पाटी कुठंच लावलेली नाही की तुम्ही येऊ नका. हिशोब तेवढा असा केलाय की तुम्ही येणार नाही.

म्हणून छावणी-छावणीला सांगणं आहे. महिन्यातला एक रविवार पोरांचा ठेवा. बसचे पैसे वर्गणीतून काढा, बॅनर एक कमी छापा. ज्या बाया बाबागाडी ढकलतात त्यांना त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या पोरांबरोबर आणा आणि बाकड्यावर बसवा. घरून चपाती-भाजी न्या, गवतावर पंगत मांडा, आवाज मोठा ठेवा. कचरा आपण उचलूच, पण कुणी नाक वर करून स्वच्छता शिकवायला आला तर त्याला विचारा, ही बाग सकाळी झाडतो कोण? पोरांना टाकी कुठं आहे ते दाखवा, पायाखाली पाणी आहे ते सांगा, आणि तिथंच महाडची गोष्ट सांगा. भाषणाला लाऊडस्पीकर लागत नाही. दहा पोरं आणि एक गोष्ट पुरे.

२० मार्च २०२७ ही चवदार तळ्याची शंभरी. महाडला जायचंच. पण ज्यांना महाडला जायला जमणार नाही, त्यांनी त्या दिवशी पोरं घेऊन हँगिंग गार्डनवर यावं. घोषणा नकोत. नुसतं यायचं, बसायचं, खेळायचं, अंधार पडेपर्यंत थांबायचं. संविधानानं शब्द वापरलाय राबता. राबता म्हणजे येणं-जाणं, वावर, सवय. या डोंगरावर आपल्या बापजाद्यांनी घाम गाळला, आपण आजही गाळतोय. तिथं आपण खूप राबलो. आता आपल्या पोरांचा राबता सुरू होऊ द्या.

जयभीम.