मांस सस्पेन्स खात्यात

बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला बारीक अक्षरांची भीती वाटत नाही, असा माझा समज होता. कर्जाच्या कागदावरची जी कलमे कर्जदार आयुष्यात वाचत नाही, ती वाचण्याचाच मला पगार मिळतो. पण परवा आमच्या ठकीच्या खाद्याची पिशवी मी उलटी करून वाचली आणि बी.कॉम.ची पदवी परत करावी की काय, असे वाटू लागले.

ठकी ही आमची मांजर. घर शाकाहारी, ठकी तेवढी अपवाद. तिच्यासाठी मांस शिजवायला आमच्याकडे कोणी तयार नाही, म्हणून लोणारच्या बाजारातून तयार दाणे आणायचे, असा घरगुती तह झालेला. मध्यंतरी ठकी मान खाजवून खाजवून रक्त काढू लागली. मेहकरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "कोंबडी सोसत नसावी. आठ आठवडे कोंबडी पूर्ण बंद. नुसती मासळी द्या. घरी उकडून दिलीत तर उत्तम."

'घरी' हा शब्द ऐकताच मला आईचा चेहरा दिसला. मी मुकाट्याने मासळीचे दाणे आणले. पिशवीवर हा एवढा मासा लाटेतून उडी मारत होता. शंका घ्यायला जागाच नव्हती.

सहा आठवडे गेले. खाज तसूभर कमी नाही. शेवटी आईनेच विचारले, "अरे, पण ह्यात नक्की कुणाचं मांस आहे?" साधा प्रश्न. मी भिंग घेऊन बसलो. मका. मक्याचे ग्लुटेन. तांदूळ. मग कोंबडीचे 'मील'. मग 'मांस व प्राणिजन्य पदार्थ'. लाटेतला तो मासा पोहत पोहत नवव्या क्रमांकावर आला होता!

दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "काहून साहेब, मांजर खाते नं?"

"खाते."

"मंग? तुमाले खाचं हाय काय?"

ह्या युक्तिवादाला वाणिज्य शाखेत उत्तर नाही. मग मीच अभ्यासाला बसलो, आणि जे कळले ते सांगतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण वजन शिजवण्यापूर्वीचे. ताज्या कोंबडीत सुमारे ७० टक्के पाणीच असते, म्हणून ती पाण्याच्या जोरावर पहिला नंबर पटकावते. उलट 'मील' म्हणजे शिजवून, चरबी-पाणी काढून दळलेली भुकटी. ती खाली दिसली तरी तिच्यात प्रथिने भरपूर. आणि धान्याचे तीन तुकडे करून तीन नावांनी लिहिले, की प्रत्येक तुकडा लहान दिसतो. एकाच इसमाने तीन नावांनी खाती उघडावीत, तसला हा प्रकार. आमच्याकडे अशा इसमाला केबिनमध्ये बोलावतात.

नावाची गंमत तर आणखी. अमेरिकेतल्या नमुना नियमांप्रमाणे नुसते 'चिकन' म्हटले तर डब्यात, पाणी वगळून, ९५ टक्के चिकन हवे. 'चिकन डिनर' म्हटले की २५ पुरे. 'चिकनसह' म्हटले की ३. आणि 'चिकन फ्लेवर' म्हटले की नुसता मागमूस लागला तरी भागते! एका शब्दाच्या शेपटीत ९२ टक्के कोंबडी उडून जाते. आपल्याकडच्या पिशव्यांवरही हे शब्द मिरवतात. त्यामागचा आकडा शोधून शोधून माझे भिंग दमले.

गैरसमज नको. यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस ह्यांना 'उपपदार्थ' म्हणतात, म्हणून मी नाक मुरडत नाही. ठकी उंदीर खाते तेव्हा काळीज बाजूला काढून ठेवत नाही. तयार खाद्यालाही माझा विरोध नाही. टॉरिन कमी पडले तर मांजराचे हृदय निकामी होते, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवले; कंपन्यांनी ते वाढवले आणि असंख्य मांजरे वाचली. म्हणजे पिशवीत काय आहे हा मांजराच्या जिवाचा प्रश्न आहे. माझे भांडण मांसाशी नाही, 'व प्राणिजन्य पदार्थ' ह्या शब्दांशी आहे. कोणता प्राणी? त्याचा कोणता भाग? किती? आमच्या वहीत रक्कम कुठे टाकावी कळेना, की ती सस्पेन्स खात्यात जाते. पण ते खाते कधीतरी मिटवावे लागते, नाहीतर ऑडिटर मानेवर बसतो. इथे आख्खे जनावर सस्पेन्समध्ये, आणि ऑडिटर कोण? तर ठकी.

माणसाच्या बिस्किटाच्या पुड्यावर हिरवी खूण असते, मांसाहारी वस्तूवर तपकिरी. मांजराच्या पिशवीला हा नियम नाही, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने 'अन्ना'च्या व्याख्येतूनच पशुखाद्य वगळले आहे. आणि घरोघरी वर्ज्य वेगळे असते हो! कुणाला एक जनावर उंबऱ्याच्या आत चालत नाही, कुणाला दुसरे. त्यांनी दाणे हुंगून ठरवायचे?

आमचे गाव ह्या बाबतीत फार सरळ आहे. विष्णूने लवणासुराला मारले, तळ्याचे पाणी म्हणजे त्याचे रक्त आणि क्षार म्हणजे मांस, असे जुने लोक सांगत. बघा, प्राणी कोणता, भाग कोणता, सगळे स्पष्ट! २०२० च्या जूनमध्ये तळे गुलाबी झाले, तर नमुने पुण्याला आणि नागपूरला गेले आणि खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचे नाव घेऊन परत आले. पाण्याचा रंग बदलला तर एवढी चौकशी. ठकीच्या गुलाबी दाण्याची चौकशी करायची तर एक मी आणि एक भिंग.

मागणी मोठी नाही. प्राण्याचे नाव, भाग आणि टक्के. तेही पिशवीच्या पुढच्या बाजूला, माशाच्या चित्राएवढ्या अक्षरांत, आणि माझ्या आईला वाचता येईल अशा मराठीत.

तोवर शेजारच्या काकू ठकीसाठी मासळी उकडून देतात. "आठ आठवडेच हं, कायम नको," असे डॉक्टरांनी बजावले आहे. पण तिसऱ्याच आठवड्यात मानेवर केस उगवू लागले. त्या मासळीवर लेबल नसते. डोके असते, शेपटी असते. आई लांबूनच, पदर नाकाला लावून, पाहते आणि म्हणते, "हा मासाच आहे."

तिला भिंग लागत नाही.