पार्सल घ्या, पुढे पाठवा, पगार मिळवा! ‘रीशिपिंग’ नोकरीचा सापळा नेमका काय आहे?

घरी पार्सल येणार. ते उघडून वस्तू नीट आहे का पाहायची, फोटो काढायचा, नवं लेबल चिकटवायचं आणि पुन्हा कुरिअरला द्यायचं. भांडवल नको, ऑफिस नको आणि महिनाअखेरीस पगार. अमेरिकेत ‘क्वालिटी इन्स्पेक्टर’, ‘शिपिंग असिस्टंट’ अशा भारदस्त नावांनी या घरबसल्या नोकरीच्या जाहिराती अनेक वर्षं फिरत आहेत. शिक्षणासाठी किंवा जोडीदाराच्या नोकरीमुळे तिथे राहणाऱ्या मराठी माणसांच्या मोबाइलवरही त्या येऊ शकतात.

यात कुणी ओटीपी मागत नाही, पैसे भरायला सांगत नाही. त्यामुळे संशयही येत नाही. कारण इथे चोराला हवे असतात ते तुमचं नाव आणि तुमचा पत्ता.

पार्सलमध्ये असतं काय?

बहुतेक वेळा महागडे मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरे किंवा ब्रँडेड वस्तू, म्हणजे पटकन विकलं जाईल असं काहीही. वस्तू खऱ्या असतात, दुकानही खरं असतं. खोटा असतो तो खरेदीदार. कुणाच्या तरी चोरलेल्या क्रेडिट कार्डावर ती ऑर्डर दिलेली असते.

कार्डाचा नंबर हाती आला तरी पिनशिवाय एटीएममधून रोख काढता येत नाही. म्हणून चोर आधी वस्तू घेतो, मग त्या विकून पैसे करतो.

मग त्याने वस्तू थेट स्वतःकडे का मागवू नयेत?

अमेरिकन कार्डावर घेतलेला लॅपटॉप थेट परदेशात पाठवायचा म्हटलं की ऑनलाइन दुकानांना संशय येतो. अनेक दुकानं परदेशात माल पाठवतच नाहीत. अमेरिकेतल्याच एखाद्या साध्या घराचा पत्ता दिला की ऑर्डर नेहमीसारखी दिसते.

चोराच्या दृष्टीने दुसरा फायदा मोठा आहे. तपास सुरू झाला की पोलीस पहिल्यांदा त्या घराच्या दारात येतात. पार्सल घेतलेलं असतं तिथल्या माणसाने. पुढच्या खोक्यावर पाठवणारा म्हणूनही त्याचंच नाव. परदेशी पार्सलच्या कस्टम्स फॉर्मवर वस्तूची किंमत कमी लिहायला सांगितलेली असेल, तर ती खोटी माहितीही त्याच्याच नावावर. आपल्याकडे सायबर चोर दुसऱ्याचं बँक खातं ‘भाड्याने’ घेतात, तसाच हा प्रकार. फक्त खात्याच्या जागी घर.

हा धंदा किती मोठा आहे?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेसह काही संस्थांच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अशा टोळ्यांच्या कारभाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका टोळीने ९ महिन्यांत जवळपास ६,००० पार्सलं हलवली होती. या सगळ्या धंद्याची उलाढाल वर्षाला सुमारे १.८ अब्ज डॉलर असावी, असा त्यांचा अंदाज होता.

आणि पगार? टोळ्या साधारण महिनाभर माणूस वापरतात. पगाराची तारीख जवळ आली की वेबसाइटवरचं लॉगिन बंद होतं, ‘मॅनेजर’ फोन उचलत नाही. तोवर नोकरीच्या नावाखाली ओळखपत्राची प्रत, सोशल सिक्युरिटी नंबर आणि बँक तपशील त्यांच्याकडे गेलेले असतात. म्हणजे फुकट राबवून घेतात, वर ओळखही चोरतात.

फसलेला माणूस गप्प का राहतो?

एक कारण लाज, दुसरं भीती. परदेशात शिकणाऱ्यांच्या बाबतीत ही भीती दुप्पट असते. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला कॅम्पसबाहेर काम करायला वेगळी परवानगी लागते. एच-४ व्हिसावरच्या जोडीदारालाही ठरावीक अटींवरच कामाचा परवाना मिळतो. ‘तक्रार केली तर व्हिसाच अडचणीत येईल’ या विचाराने माणूस थांबतो आणि तोवर आणखी चार पार्सलं पुढे जातात. चूक नकळत झाली असं सांगणं पहिल्या आठवड्यात सोपं असतं. संशय आल्यावरही पार्सलं पाठवत राहिलं तर ते अवघड होत जातं.

कधी नोकरीचा विषयच नसतो. ऑनलाइन ओळख झालेली ‘जवळची’ व्यक्ती म्हणते, “तुझ्या पत्त्यावर माझं एक पार्सल येईल, तेवढं पुढे पाठवशील?” एकटे राहणारे ज्येष्ठ अशा विनंतीला सहज हो म्हणतात.

कसं ओळखायचं?

- मुलाखत फक्त चॅटवर आणि नोकरी लगेच पक्की.
- पार्सलवर तुमचा पत्ता, पण नाव अनोळखी. किंवा नाव तुमचं, पण ऑर्डर तुम्ही दिलेली नाही.
- पुढे पाठवायचं लेबल तयारच येतं. असं लेबलही चोरीच्या पैशांतून घेतलेलं असू शकतं.
- कंपनीची वेबसाइट अगदी अलीकडे सुरू झालेली.

साधा प्रश्न विचारा. कोणती खरी कंपनी आपला महागडा माल गोदाम सोडून अनोळखी माणसाच्या घरी तपासायला पाठवेल?

अडकलोच तर काय करायचं?

हातात असलेलं पार्सल पुढे पाठवू नका, वापरू नका, विकू नका. टपालाने आलेलं आणि न उघडलेलं असेल तर त्यावर ‘रिटर्न टू सेंडर’ लिहून परत करता येतं. उघडलं असेल तर पोलिसांना विचारूनच पुढचं पाऊल उचला. चॅट, ईमेल, लेबलांचे फोटो, ट्रॅकिंग नंबर जपून ठेवा. अमेरिकेत पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिस, स्थानिक पोलीस आणि संबंधित कुरिअर कंपनीला कळवा. कागदपत्रं दिली असतील तर बँकेला सांगा आणि तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे क्रेडिट गोठवा. ही सोय मोफत आहे. व्हिसाची धास्ती असेल तर विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय किंवा इमिग्रेशन वकील यांच्याशी आधी बोला, पण थांबू नका.

भारतात अशी ‘नोकरी’ आली किंवा कार्डावर अनोळखी खरेदी दिसली, तर १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार लागत नसतील तर बँकेच्या ॲपमधून बंद ठेवा.

आणि मुलगा, मुलगी, आई-बाबा, कुणीही फोनवर “घरबसल्या पार्सलचं काम मिळालंय” असं म्हणालं, तर लगेच ओरडू नका. आधी एवढंच विचारा, “पार्सलवर नाव कुणाचं आहे?” ओरडा बसला की माणूस पुढचं सांगत नाही, आणि तो गप्प राहिला तर फायदा चोराचाच होतो.