भिंत उंच केली म्हणजे तुरुंग पक्का होत नाही

महाड-पोलादपूरच्या डोंगरातला कांगोरी ऊर्फ मंगळगड हा पेशवाईतला पक्का तुरुंग. उंची अडीच हजार फुटांच्या आसपास, चढ छातीवर येणारा, भोवती रान. साताऱ्याच्या छत्रपतींचे भाऊ चतुरसिंग भोसले १८१२ पासून इथे बंदीत होते. १८१८ मध्ये कैदेतच वारले. १८१७ च्या युद्धात उरुळीजवळ पकडलेले हंटर आणि मॉरिसन हे इंग्रज अधिकारीही आधी कांगोरीवर, मग वासोट्यावर ठेवले गेले. महाड तालुक्यातला लिंगाणा तर याहून अवघड. त्याच्या कातळातल्या गुहांत कैदी ठेवत.

चतुरसिंगांना दगाफटका करून पकडलं ते दुसऱ्या बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळे यांनी. तीनच वर्षांनी, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या प्रकरणात, इंग्रजांनी त्रिंबकजींनाच ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं. पहारा गोऱ्या शिपायांचा. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. एका अधिकाऱ्याचा मोतद्दार घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतून बाहेरची खबर आत पोचायची, अशी हकिकत बिशप हेबर यांनी नोंदवली आहे. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी निसटले. ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग आजही त्याच किल्ल्यात आहे.

तिथे तट शाबूत होता. पहारा फसला होता.

सांगलीच्या तुरुंगात २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या आणि तटावरून उड्या टाकल्या. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांना वीरमरण आलं, वसंतदादा गोळी लागून जखमी झाले. ते स्वातंत्र्याचं युद्ध होतं. आजच्या गुन्हेगारांशी त्याची तुलना होऊच शकत नाही. पण तुरुंग कुठे कच्चा असतो, ते तिथेही दिसलं. नागपूरच्या मध्यवर्ती तुरुंगातून ३१ मार्च २०१५ रोजी पाच कैदी गज कापून पळाले. त्यानंतरच्या झडत्यांत बराकींतून मोबाइल निघाले. मोबाइल काही भिंत फोडून आत येत नाहीत.

सगळ्यात भीषण प्रकार भोपाळचा. कडेकोट बंदोबस्ताच्या त्या तुरुंगातून ३१ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे आठ कच्चे कैदी पळाले आणि जाताना पहाऱ्यावरच्या हेड कॉन्स्टेबलचा जीव घेऊन गेले. काही तासांतच आठही जण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. अशा घटनेनंतर सरकार तट उंच करतं, कॅमेरे वाढवतं. रात्रपाळीत एका शिपायाच्या वाट्याला किती बराकी येतात, हा प्रश्न मागे पडतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातले तुरुंग क्षमतेच्या १३१ टक्के भरले होते. दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकालही न लागलेले. खरोखर धोकादायक माणसावर जी नजर हवी, ती या गर्दीत विखुरते. त्या गर्दीत जामिनाची रक्कम भरता न आल्यामुळे अडकलेले गरीबही असतात. रायगडचा जिल्हा तुरुंग अलिबागच्या हिराकोटात आहे. पोलादपूरच्या एखाद्या वाडीतल्या आईला तिथल्या मुलाची भेट घ्यायची तर शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास, एसटीचं भाडं आणि दिवसाची बुडालेली मजुरी. वकील गाठणं त्याहून दूरचं.

यावर उपाय कायद्यातच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ जुलै २०२४ पासून लागू आहे. गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नसेल आणि आरोपीवर एकापेक्षा जास्त खटले नसतील, तर कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढल्यावर जामिनाची तरतूद आहे. पहिल्याच गुन्ह्यातल्या आरोपीला एक तृतीयांश काळानंतर. न्यायालयाकडे तसा अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवरच टाकली आहे.

रायगडच्या पालकमंत्र्यांनी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने अलिबाग आणि तळोजा इथल्या अशा कैद्यांची यादी दर महिन्याला जाहीर करावी, किती अर्ज झाले तेही सांगावं. आणि सरकारने पुढचा तट बांधण्याआधी तुरुंग शिपायांची रिक्त पदं भरावीत. कैदी हातघाईवर येतो तेव्हा पहिला वार त्या शिपायावरच होतो.