रेडिएशनची फाइल फेकू नका!

‘कॅन्सर बरा झाला’ हे एकदा ऐकलं की घरातल्या सगळ्यांसाठी विषय संपतो. पण तुमच्या आईला, मावशीला किंवा आत्याला डाव्या स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन दिलं असेल, तर पुढची अनेक वर्षं तिच्या हृदयाकडेही लक्ष ठेवायला हवं.

कारण सोपं आहे. हृदय छातीत डावीकडे झुकलेलं असतं, त्यामुळे किरणांचा काही भाग त्यालाही लागतो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, सूज येते आणि पुढे वाहिनी अरुंद होऊ शकते. हे सगळं हळूहळू, गुपचूप चालतं.

स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ स्त्रियांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘ग्रे’ हे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांचं माप. हृदयाला मिळालेल्या दर एका ग्रेमागे हार्ट अटॅकसारख्या त्रासाचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. ही वाढ पहिल्या पाच वर्षांतच सुरू होते आणि वीस वर्षांनंतरही टिकते. हिरोशिमा-नागासाकीच्या बॉम्बहल्ल्यांतून वाचलेल्यांमध्येही किरणांचा आणि हृदयविकाराचा असाच संबंध आढळला आहे.

आता आकडा नीट वाचू या. ७.४ टक्के म्हणजे शंभरातल्या सात जणींना अटॅक येणार, असं नाही. समजा, एरवी शंभरात चौघींना त्रास होणार असेल, तर एका ग्रेमागे चाराचे साधारण ४.३ होतात. म्हणून रेडिएशन नाकारणं हा उपाय नव्हेच. त्यानं जीव वाचतात. छातीच्या एक्स-रेलाही घाबरू नका, त्यातला डोस एका ग्रेच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. आणि मोबाइलच्या लहरी या प्रकारात मोडतच नाहीत.

मग करायचं काय? उपचार व्हायचे असतील तर डॉक्टरांना बिनधास्त विचारा, ‘हृदयाला किती डोस जाईल? श्वास रोखून रेडिएशन देता येईल का?’ खोल श्वास घेतला की फुप्फुसं फुगतात आणि हृदय किरणांच्या वाटेतून थोडं दूर सरकतं. इतकी साधी युक्ती!

उपचार होऊन गेले असतील तर फाइल जपून ठेवा. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल वेळच्या वेळी तपासून घ्या. उद्या दम लागला किंवा छातीत दुखलं, तर दवाखान्यात ‘पूर्वी रेडिएशन झालंय’ हे न विसरता सांगा. आई कदाचित विसरेल, तुम्ही विसरू नका.