हेडफोन घेताय? आधी कान ओळखा!



भेटवस्तू म्हटली की आपली यादी कशी ठरलेली असते. पुरुषमंडळींना शर्टपीस नाहीतर पाकीट, मुलांना पेन आणि दप्तर, सासूबाईंना शाल. या यादीत गेल्या काही वर्षांत एका वस्तूने हळूच जागा पटकावली आहे. ती म्हणजे हेडफोन. दहावीचा निकाल असो, भाऊबीज असो, की नोकरीचा पहिला दिवस, "काय हवं तुला?" असं विचारायचा अवकाश, उत्तर तयार!

आणि इथेच आपली पंचाईत होते. साडीचा पोत हाताला कळतो, तांदूळ दाताखाली धरून पारखता येतो. पण काचेच्या कपाटातले ते काळे-पांढरे डबे पारखायचे कसे? शे-दोनशे रुपयांपासून तीस हजारांपर्यंत सगळेच "एक नंबर" असतात. दुकानदार भराभर इंग्रजी शब्द फेकतो, आणि आपण मान डोलावून जो डबा जास्त चकचकीत दिसेल तो उचलतो. तसं करू नका. ही खरेदी भांड्याकुंड्यांच्या खरेदीइतकीच सोपी आहे, फक्त प्रश्न नीट विचारायला हवेत. आणि तसं पाहिलं तर या वस्तूचं आणि आपलं नातं जुनंच आहे, बरं का! अमेरिकेतल्या युटा इथल्या नॅथॅनियल बाल्डविन यांनी १९१० च्या सुमाराला हेडफोन जुळवले ते घरच्या स्वयंपाकघरात, आणि ते विकत घेतले अमेरिकेच्या नौदलाने!

पहिला प्रश्न: कोणासाठी?

कंपनी कुठली, हा प्रश्न नंतरचा. आधी घेणाऱ्याचे कान आणि त्याचा दिवस डोळ्यांपुढे आणा. ढोबळ मानाने तीन प्रकार असतात. कानाच्या छिद्रात बसणारे, त्यांना रबरी टोप्या असतात. कानाच्या पाळीवर टेकणारे. आणि अख्खा कान झाकणारे, मऊ गादीचे.

लोकलने किंवा एस.टी.ने जाणाऱ्याला छिद्रात बसणारे बरे. खिशात मावतात आणि बाहेरचा गलका आत येऊ देत नाहीत. गलका आत आला नाही की आवाज वाढवावा लागत नाही. टेबलाशी बसून दोन-दोन तास व्याख्यानं ऐकणाऱ्या मुलाला कान झाकणारे सोयीचे, पण वजनाला हलके पाहून. उन्हाळ्यात कान घामेजतात, म्हणून गादी कापडाची मिळाली तर उत्तम. आणि भेट बहिणीसाठी असेल तर तिच्या कानातल्या कुड्या आठवा! कान दाबणारे हेडफोन घातले की कुडीची फिरकी मागून टोचते. चष्मा असेल तर काडीही दबते. पुरुष दुकानदार हे कधी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

गाण्याचा रियाज करणाऱ्या मुलीला भेट द्यायची असेल तर मात्र वायरवालेच घ्या. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. बातम्या ऐकताना तो उशीर जाणवत नाही, पण फोनवर पेटी वाजवत गायचं म्हटलं की बोट आणि सूर यांची चुकामूक होते.

वायर असावी की नसावी?

मर्यादित पैशात चांगला आवाज हवा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: वायर. बिनतारी वस्तूच्या किमतीत बॅटरी, चार्जिंगची डबी, आतली यंत्रणा या सगळ्याचे पैसे असतात. तेवढ्याच पैशात वायरवाल्यात ध्वनीकडे जास्त लक्ष देता येतं. शिवाय बॅटरी म्हातारी होते. दोन-चार वर्षांत ती लवकर उतरू लागते, आणि कानातल्या त्या छोट्या बोंडातली बॅटरी बदलून घेणं बहुधा परवडत नाही. वायर तुटली तर कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला निदान डाग तरी देतो.

पण एक पाहायला विसरू नका. हल्लीच्या पुष्कळ फोनना हेडफोनचं गोल भोक नसतंच. ॲपलने ते २०१६ साली काढलं, मग इतरांनीही. तेव्हा भेट घेण्याआधी, हळूच, त्या व्यक्तीचा फोन उलटसुलट करून पाहा. गोल भोक असेल तर साडेतीन मिलिमीटरची साधी पिन चालेल. नसेल तर चपट्या, टाइप-सी पिनचे हेडफोन घ्या, किंवा जोडणीची छोटी वायर सोबत घ्या.

व्यायामाला, किंवा स्वयंपाक करताना ऐकायला मात्र बिनतारीच सोयीचे. ओट्याशी काम करताना वायर कढईच्या कानात अडकली तर काय होईल, ते तुम्हीच जाणा. त्यातही दोन सुटी बोंडं हरवण्याची भीती वाटत असेल तर गळ्यात अडकवायचे पट्टीवाले घ्या.

डब्यावर काय वाचावं?

"वीस ते वीस हजार हर्ट्झ" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. माणसाचा तरुण कान साधारण तेवढंच ऐकतो, आणि हा आकडा जवळजवळ प्रत्येक डब्यावर असतो. त्यावरून निवड होत नाही. 'ओहम'चा आकडा मात्र पाहा. फोनसाठी १६ ते ३२ ओहम ठीक. अडीचशे ओहमचे हेडफोन स्टुडिओतल्या यंत्रांसाठी असतात; फोनला लावले तर आवाज पुटपुटल्यासारखा येतो.

'एक्स्ट्रा बास' या शब्दाला भुलू नका. बास म्हणजे खर्ज, डग्ग्याचा घुमारा. तो गरजेपेक्षा वाढवला की गायकाचे शब्द त्यात बुडतात. भाषणं, बातम्या, नाट्यगीतं ऐकणाऱ्याला ती डोकेदुखीच.

'नॉइज कॅन्सलिंग' म्हणजे बाहेरचा आवाज एका सूक्ष्म माइकने टिपून त्याच्या नेमका उलटा ध्वनी आत सोडायचा, म्हणजे दोन्ही एकमेकांना खोडतात. पंख्याची, विमानाची सलग घरघर त्याने छान कमी होते. पण कुकरची शिट्टी आणि शेजारच्या गप्पा नाही हो थांबत! थोड्या पैशात यामागे धावू नये. कानात नीट बसलेली रबरी टोपी पुष्कळ काम करते. म्हणून डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा तिन्ही मापांच्या टोप्या आहेत ना, ते बघा.

बिनतारी हेडफोन घेताना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आहे का ते पाहा. 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो, आणि तो ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. छापील किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि तक्रारीचा पत्ता नसलेला डबा घेऊच नका. पक्की पावती मागा. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

एका भगिनीचा प्रश्न

एका वाचक भगिनीने लिहिलं आहे: घर दोन खोल्यांचं. मुलगी दहावीला. सासरे निवृत्त झालेले, संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही मोठ्याने लावतात. मुलगी कानात बोटं घालून अभ्यास करते. "शिकवण्यांचे दीड हजार रुपये साठवले आहेत. मामंजींच्या पंचाहत्तरीला हेडफोन द्यावा म्हणते. पण हे म्हणतात, बाबांना वाटेल आपल्याला गप्प बसवलं. काय करू?"

प्रश्न नुसता हेडफोनचा नाही, हे तुम्हीही ओळखलं असेल. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे पाहा की आवाज वाढला का. मामंजी बोलतानाही "काय म्हणालीस?" असं वारंवार विचारतात का? फोनवर एकच कान लावतात का? दारावरची घंटा चुकते का? तसं असेल तर हेडफोनच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन या. कधी नुसता मळ असतो, कधी श्रवणयंत्र लागतं. ऐकू कमी येतं म्हणून हेडफोनचा आवाज चढवत नेणं म्हणजे दुखऱ्या गुडघ्याने जिने चढण्यासारखं आहे.

कान ठीक असतील तर कान झाकणारे, मऊ गादीचे, वायरवाले हेडफोन घ्या. नावाजलेल्या कंपनीचे साधे हेडफोन हजाराच्या आसपास मिळतात. फोनसाठी बनवलेल्या हेडफोनची वायर साधारण सव्वा मीटर असते, टीव्हीपासून खुर्चीपर्यंत पुरत नाही. म्हणून उरलेल्या पैशांत तीन किंवा पाच मीटरची जोडवायर घ्या. ती खोलीच्या मधून नेऊ नका, भिंतीच्या कडेने न्या. या वयात पाय अडकून पडणं फार महागात पडतं. टीव्हीच्या मागे हेडफोनचं भोक आहे का, ते आधी बघा. नसेल तर टीव्हीत ब्लूटूथ आहे का ते पाहा, आणि मग बिनतारी घ्या. बिनतारीत कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, म्हणून दुकानदाराकडून बदलून देण्याची मुदत लिहून घ्या. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो' म्हणून सोय असते. ती चालू केली की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत येतो, काही निसटत नाही.

आता द्यायचं कसं? "तुमच्या आवाजाचा त्रास होतो" या वाक्याने दिलेली सोन्याची वस्तूही टोचेल. नातीच्या हातून द्या. त्यांच्या आवडीची नाट्यगीतं फोनमध्ये आधीच भरून ठेवा आणि पहिलं गाणं त्यांना तिथल्या तिथे ऐकवा. आणि तिची परीक्षा आहे हेही आडपडदा न ठेवता सांगा. आजोबांना नातीची परीक्षा कळते. आपणच त्यांना न सांगता मनात कुढत बसतो.

एक मात्र सांभाळा. टीव्हीचा आवाज बंद झाला म्हणजे मामंजी खोलीत नाहीत असं होऊ देऊ नका. हेडफोन लावलेल्या माणसाशी कोणी बोलत नाही, आणि घरातला म्हातारा माणूस असा हळूहळू एकटा पडतो. नऊ वाजता हेडफोन उतरवून सगळ्यांनी एकत्र जेवायचं, आणि त्यांनी ऐकलेली बातमी त्यांच्याकडून ऐकायची, एवढा नेम ठेवा. मग कोणी कोणाला गप्प बसवल्यासारखं होणार नाही.

दुकानात

कानात घालून पाहू देतात अशा दुकानातच जा. स्वतःच्या फोनवर ओळखीचं गाणं लावा. तबल्याची चाट आणि डग्गा वेगळे कळतात का? गायकाचा श्वास ऐकू येतो का? मग एखादी बातमी लावा. शब्द स्वच्छ यायला हवेत. दहा मिनिटं तसेच घालून उभ्या राहा. दहा मिनिटांत दुखलं तर दोन तासांत नक्की दुखेल.

कानांची काळजी

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. "बाई, परत सांगा" म्हणणारी मुलं सगळीच दुर्लक्ष करणारी असतात असं आता मला वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मोठ्यांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, मुलांनी ७५ डेसिबल. ९० डेसिबलला ही मर्यादा आठवड्याला अवघी चार तास होते! डेसिबल घरी कसे मोजणार? सोपी खूण सांगते. आवाज पट्टीच्या साठ टक्क्यांच्या आत ठेवावा, आणि हातभर अंतरावरून साध्या आवाजात हाक मारली तर ऐकू यायला हवी. कानात गुंई होऊ लागली तर तो इशारा समजा. एकदा गेलेले कानातले सूक्ष्म केशतंतू परत उगवत नाहीत.

रस्ता आणि रेल्वेचे रूळ ओलांडताना कान मोकळे हवेत, याबद्दल घरात कडक नियमच करा.

रबरी टोप्या काढून आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवून मगच बसवा. एकाचे दुसऱ्याने वापरू नयेत. काढताना वायर ओढू नये, पिन धरावी. गुंडाळताना सैल वेटोळी करावी. फोनभोवती आवळून गुंडाळलेली वायर पिनेजवळच तुटते.

आणि जाता जाता एक गंमत. १९७९ साली सोनीचा पहिला वॉकमन निघाला तेव्हा त्याला हेडफोनची दोन भोकं ठेवली होती, दोघांना मिळून ऐकता यावं म्हणून. आज थोड्याशा पैशांत दोन तोंडांची छोटी जोडवायर मिळते. भेटीच्या डब्यात तीही टाका. नवरा-बायकोला, बहिणी-बहिणींना, आजी आणि नातवाला एकच गाणं एकाच वेळी ऐकता येईल.